शालनच्या घरचा सेलेनियम

मित्रांनो, मी सेलेनियमचा एक जुना कण आहे. मी सांगतो ती हकिगत २०२२ सालची, जून महिना लागला तेव्हापासून गणेश चतुर्थीपर्यंतची. माझं वय त्याहून फार मोठं. कितीतरी युगं मी एका खडकात होतो, मग नदीच्या गाळात, मग समुद्रात. तिथे एका बांगड्याने मला पोटात घेतलं. तो बांगडा मिरकरवाड्याच्या बंदरावर उतरला आणि रत्नागिरीजवळच्या एका वाडीत, शालनच्या चुलीवर, तिरफळं घातलेल्या कालवणात शिजला. ते कालवण मला अजून आठवतं. त्याच्यासाठी शालन भात नेहमीपेक्षा मूठभर जास्त शिजवायची.

तिच्या अंगात गेल्यावर मी प्रथमच खऱ्या कामाला लागलो. मी एकटा काही करत नाही. शरीर मला काही मोजक्या प्रथिनांच्या साखळीत बसवतं. अशा प्रथिनांना सेलेनोप्रथिनं म्हणतात, आणि माणसात ती जेमतेम पंचवीस. आमच्यातले काही जण तिथे बसून पेशींत तयार होणारे जहाल पदार्थ निवळतात. माझ्या वाट्याला थायरॉइड ग्रंथीचं काम आलं. तिच्या रसातून आयोडीनचा एक कण काढायचा, म्हणजे तो रस अंगाला वापरता येतो. मोठं समाधानाचं काम होतं ते. मोहरीच्या दाण्याचे चाळीस भाग केले तर त्यातला एखादा भाग, एवढाच सेलेनियम माणसाला दिवसाला लागतो. शालनला तो मासळीतून आपसूक मिळायचा. माझं नाव तिला ठाऊकही नव्हतं.

पण तिची थायरॉइड मुळातच मंद. डॉक्टरांची गोळी चालू होती, तरी केस गळायचे. मुंबईला नोकरी करणाऱ्या तिच्या लेकीने, दिशाने, सेलेनियमच्या गोळ्यांच्या चार डब्या पाठवल्या. फोनवर सांगितलं की मासळीत असतं तेच यात आहे, रोज एक घे. शालनने त्यातलं पहिलं वाक्य नीट लक्षात ठेवलं. जूनमध्ये बंदर बंद झालं, मासळी आटली. पुढे श्रावण आला. तिने हिशेब केला की बांगडा नाही तर त्याच्या जागी गोळ्या. दोन्ही जेवणांना तीन-तीन. केस जास्तच गळू लागले, तेव्हा तिला वाटलं की गोळ्याच कमी पडतात, म्हणून चहाबरोबर आणखी एक.

मित्रांनो, आम्ही अंगात दाटीवाटीने भरलो. केस गळत होते ते आता आमच्याच गर्दीमुळे, आणि नखंही पांढरी पडून तुटू लागली. नको तेवढे झालो की शरीर आम्हाला श्वासातून बाहेर टाकतं, आणि त्या श्वासाला चक्क लसणीचा वास येतो.

श्रावणात त्यांच्या घरी कांदा-लसूण वर्ज्य. नागपंचमीला शालन आणि तिची मोठी जाऊ गंगा हळदीच्या पानांवर पातोळ्या थापत होत्या. गंगाने नाक ओढलं.

"काय गो शालन, लसणीची चटणी एकटीच खाल्लीस? आमच्यासाठी चिमूटभर ठेवायचीस."

शालन आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की जाऊ हसत नाही.

"वयनी, देवाच्यान, लसणीला हात लावला नाय."

"हात नसशील लावलास. तोंड लावलंस."

घरचा गणपती गंगाच्या ओटीवर बसायचा, आणि नैवेद्याचे मोदक तीस वर्षं शालनच्या हातचे. गंगाने त्या दिवशीच जाहीर केलं की नेम मोडणाऱ्या हातांचा नैवेद्य नको, यंदा मोदक सून वळेल. शालन घरी आली. दिवसातून चारदा चूळ भरायची, तुळशीची पानं चघळायची. वास जाईना. मी आत बसून सगळं पाहत होतो. आळ तिच्यावर होता आणि वास माझा. मला बोलता येत नव्हतं.

चतुर्थीला आठ दिवस उरले असताना आरोग्य केंद्रातली नर्स दर्शना रक्तदाब तपासायला आली. तिने शालनचा हात धरला तो सोडलाच नाही. नखं उलटसुलट पाहिली, मग डबी मागितली.

"मावशी, यावर दिवसाला एक लिहिलंय. तुम्ही किती घेता?"

"सात. मासळी बंद ना."

दर्शनाने डबी आपल्या पिशवीत टाकली. दुसऱ्या दिवशी तिने शालनला रत्नागिरीत डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. गोळ्या तिथल्या तिथे बंद झाल्या. परतताना दर्शना गंगाच्या ओटीवर थांबली आणि वास कशाचा ते समजावून सांगितलं. गंगा म्हणाली की मासळीच्या गोळीला लसणीचा वास येतो, हे सांगायला आलेली ती पहिलीच. आणि आत निघून गेली.

चतुर्थीच्या पहाटे गंगा स्वतः शालनच्या दाराशी आली. वास अजून होताच. तिने एक धुतलेला फडका पुढे केला.

"हा तोंडाला बांध नि चल. उकड निवते."

स्वयंपाकघरात शालनने कळी काढायला बोटं चिमटली आणि दुखऱ्या नखाने तिचा हात थांबला. गंगाने ती पारी तिच्या हातातून घेतली.

"पारी तू कर. कळ्या मी काढते. माझ्या जाड होतात, पण देव काय मोजत नाय."

शालनने मोठा श्वास सोडला. त्या श्वासाबरोबर मी फडक्यातून बाहेर पडलो.

लांब नाही गेलो. पावसाच्या थेंबाबरोबर परसातल्या लाल मातीत उतरलो, म्हणून पुढचं कानावर आलं. शालनचे केस सात-आठ महिन्यांनी परत आले, थोडे पांढरे. डॉक्टरांची थायरॉइडची गोळी ती अजून घेते, एकच. दिशा आता काहीही पाठवलं की डबीवर मराठीत ठसठशीत लिहिते, आणि रात्री फोन करून विचारते. दर्शनाची बदली राजापूरला झाली. गंगा दोन वर्षांपूर्वी गेली. तिने शालनची माफी शब्दात कधी मागितली नाही, पण शेवटच्या दोन्ही चतुर्थ्यांना जाड कळ्या तिच्याच होत्या.

मित्रांनो, एवढंच मागतो. आम्ही उपयोगी आहोत हे ऐकून आम्हाला मुठीने घेऊ नका. किती घ्यायचं ते जाणत्याला विचारा. आणि घरातलं कुणी "मी नाही केलं" म्हणालं, तर आळ घेण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन बघा.