बारावं वाक्य

सात वाजता मालिका लागते, साडेसातला संपते आणि आठच्या ठोक्याला आमच्या मुलीचा लेख इंटरनेटवर चढतो. आज काय घडलं, काय जमलं, कुठे माती खाल्ली. पन्नास हजार लोक वाचतात. मालिकेतले आजोबा तिचे सख्खे वडील आहेत हे त्यातल्या एकालाही ठाऊक नाही. घरात मात्र सगळं उघड. हे रोज विचारतात, "परीक्षकबाई, आज पास की नापास?" आणि तिने दोनदा नापासही केलंय.

त्या दिवशी भाग संपला तेव्हा हे आत आंघोळीला गेले होते. शूटिंगवरून नुकतेच आले होते, मेकअप अजून मानेला होता. मुलीने लॅपटॉप टेबलावर ओढला आणि आजोबा मृत्युपत्रात काय लिहिलंय ते घरच्यांना सांगतात तो प्रसंग मागे नेला. पुन्हा पाहिला. पुन्हा मागे नेला. मी समोर वाटाणे सोलत होते. माझा हात थांबला.

"आई, इकडे ये."

"मला इथूनही दिसतं."

"बघ. बाबा बोलायला लागले की त्यांची पाठ. मग घड्याळ. मग सुनेचा हात. मग परत पाठ. तोंड दिसतं तेव्हा गप्प असतात."

"दिग्दर्शकाची हौस. त्याला घड्याळं आवडत असतील."

"आवाजसुद्धा नंतर घेतलाय. बाकीच्यांपेक्षा वेगळा येतोय. एकेक वाक्य बोलून घेतलंय त्यांच्याकडून." तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, त्यांना पाठ होत नाहीये का?"

लहानपणी तिची थाप मी नुसत्या डोळ्यांवरून ओळखायचे. आता मी वाटाण्यांवरून मान वर केली नाही.

"कधीपासून माहितीये तुला?"

"दोन महिने झाले. मला मालिकेतल्या बायकोच्या नावाने हाक मारली. म्हटलं, कामाचा ताण असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

"आणि डॉक्टर?"

"हातचं काम जाईल ना गं. सत्तरीला दुसरं कोण देणार? आणि काम नसलं की हा माणूस चार दिवसांत खचेल. तू ओळखत नाहीस का?"

तेवढ्यात पडद्यावर खाली काहीतरी सरकलं. तिचे वाचक भाग चालू असतानाच तिच्या पानावर लिहायला लागतात. नजर घारीची. काल निळी असलेली कपबशी आज पांढरी कशी, हेसुद्धा सोडत नाहीत. एकाने लिहिलं होतं: 'आजोबांची अकरा वाक्यं. एकातही तोंड दिसत नाही. मोजून बघा. म्हातारबुवांचं पाठांतर गेलं वाटतं.' त्याखाली शंभर-दीडशे जण हसत होते. कुणी म्हणत होतं, आजोबांना घरी बसवा आणि पाठ तेवढी भाड्याने आणा.

"पूस ते," मी म्हटलं. "तुझ्याच हातात आहे ना?"

"पुसलं की दहा ठिकाणी उगवेल. एव्हाना फोटो काढून ठेवले असतील लोकांनी."

"मग लिही की छान झालं. पाठ दाखवायची कल्पना छान."

"बाबा वाचतील ते. मी असं का लिहिलं, त्यांना कळणार नाही?"

"आजच्या दिवस आंधळी हो ना!"

"आणि उद्या? उद्या शूटिंगला त्यांचं चार पानी भाषण आहे, आई. चार पानं पाठ दाखवणार?"

पावणेआठ झाले. आतला नळ बंद झाला. ती दोन ओळी लिहायची, पुसायची. मी दाणे सालांत आणि सालं दाण्यांत टाकत होते, ते मला बऱ्याच वेळाने दिसलं.

हे टॉवेलने कान पुसत आले आणि सरळ तिच्या मागे उभे राहिले. तिने लॅपटॉप मिटायला हात नेला, यांनी झाकण धरलं. वाचलं. सावकाश, सगळं. हसणाऱ्यांचंही.

"अकरा नाहीत," हे म्हणाले. "बारा. एक दाराआडून होतं. ते त्याच्या मोजणीतून सुटलं."

मी घाईघाईने सालांतले दाणे वेचायला लागले.

"बारा लिही. तुझ्या लेखात चुकीचा आकडा नको." मग माझ्याकडे वळले. "म्हणजे तुलाही ठाऊक होतं. मला वाटत होतं, मी एकटाच लपवतोय."

"एका घरात दोन चोर," मी म्हटलं आणि मला रडू आलं.

"मी नाही लिहिणार," मुलगी म्हणाली. "काम जाईल तुमचं."

"काम गेलंय गं. ती माणसं सांभाळून घेतायत एवढंच. कॅमेरावाला माझ्यासाठी सेटभर घड्याळं शोधत फिरतो. आता लोक त्याच्या कामाला हसायला लागले. ते नाही चालणार."

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. दिग्दर्शकाचा नंबर सापडायला वेळ लागला. मी पुढे झाले, तर हातानेच मला थांबवलं.

"हां, मीच. उद्याचं भाषण दुसऱ्या कुणाला द्या... नाही, तब्येत ठणठणीत आहे. लक्षात राहत नाही... माहितीये, तुम्हालाही माहितीये. आजोबांना परगावी पाठवा थोरल्याकडे. मारू मात्र नका. मेलो की तुम्ही तीन भाग रडारड लावाल, लोक कंटाळतील."

तिकडून दिग्दर्शक बराच वेळ बोलत राहिला. हे ऐकत होते, मान हलवत होते. आठ वाजून गेले, लेख चढला नव्हता. यांचा मोकळा हात मागे खुर्ची चाचपायला लागला, आणि मुलगी उठली. आपली खुर्ची तिने त्यांच्या मागे सरकवली.