पेलागात्ती आडनावाची नोटीस

आमच्या पिएवे सालिचे गावच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या खिडकीमागे मी चौतीस वर्षं काढली. माझं नाव नीवेस बेविलाक्वा. बेविलाक्वा म्हणजे ‘पाणी पी’. माझ्या वडिलांनी हे आडनाव जन्मभर मिरवलं आणि पाण्याला मात्र औषधापुरताच हात लावला. खिडकीपलीकडून असली नावं रोज यायची. कोंबडीचोर असा अर्थ होणाऱ्या फुमागाल्ली आडनावाचा आमचा फौजदार होता, आणि माल्कोन्तेन्ती, म्हणजे कायम असमाधानी, अशा एका माणसाला मी लग्नाच्या नोंदीच्या दिवशी पोट दुखेस्तोवर हसताना पाहिलंय. कुणाच्या खापरपणज्याला कुणीतरी चिडवलं, पाद्र्यानं ते वहीत लिहून ठेवलं, आणि पुढच्या वीस पिढ्यांनी ते गुमान वागवलं. म्हणून आडनावाची तक्रार घेऊन कुणी आलं की माझ्या कपाळावर आठ्या चढायच्या.

मिर्ता आली तेव्हाही चढल्या. मिर्ता पेलागात्ती, वय एकोणतीस, जनावरांची डॉक्टर. पेलागात्ती म्हणजे मांजरं सोलणारा. शिवाय ज्याच्या खिशात दमडी नाही अशा माणसालाही आमच्याकडे हेच म्हणतात, म्हणजे दोन्हीकडून मार. तिनं चौकात दवाखाना उघडला आणि गावाला आयतं खेळणं मिळालं. फोन उचलला की पलीकडून म्याव. शटरवर कुणीतरी खडूनं शेपूट वर करून पळणारं मांजर काढलं. नदीकाठच्या बंगल्यातली बाई आपलं गुबगुबीत मांजर घेऊन दारापर्यंत आली, पाटी वाचली आणि टोपली छातीशी धरून मागे फिरली. मिर्ता हसण्यावारी न्यायची, पण ते हसू ओठांच्या पुढे जात नव्हतं.

“नीवेसमावशी, मला आईचं आडनाव घ्यायचंय,” तिनं सांगितलं. आईचं होतं फिओरीनी, इवली फुलं. आता इवल्या फुलांच्या दवाखान्यात कोण मांजर नेणार नाही.

“आणि तुझ्या आजोबांना काय वाटलं असतं?” मी विचारलं. खिडकीत बसून असं विचारायचं नसतं, पण मी विचारलं.

“म्हणून तर ते असेपर्यंत विषय काढला नाही,” ती म्हणाली.

तिचे आजोबा एर्मेस गेल्याच वसंतात गेले होते. हिवाळ्यात शेतोशेती सायकलवरून फिरून लोकांची डुकरं कापून द्यायची, सॉसेज भरून द्यायची, हा त्यांचा धंदा. मिर्ताचा बाप ती चार वर्षांची असताना ट्रकच्या अपघातात गेला. आई टोमॅटोच्या कारखान्यात पाळ्या करायची, त्यामुळे पोर वाढली ती एर्मेस आणि आर्जिया या आजीआजोबांच्या स्वयंपाकघरात. मुलगा गेला, बायको गेली, शेवटी ते स्वतः गेले, आणि आमच्या वहीत पेलागात्ती एकच उरली. ती आता नाव टाकायला निघाली होती.

नियम असा आहे की प्रीफेक्टची, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी प्रमुखाची, परवानगी मिळण्याआधी नोटीस तीस दिवस फलकावर लावायची. जिथे राहता त्या गावात लावायची आणि जिथे जन्मलात तिथेही. ज्याला हरकत असेल त्यानं या तीस दिवसांत घ्यावी. चौतीस वर्षांत एकदाही कुणी हरकत घेतली नव्हती. मी नोटीस काचेमागे टाचणीनं लावली, जरा जास्तच जोरात, आणि कामाला लागले.

सत्ताविसाव्या दिवशी, बाहेर धुकं इतकं की चर्चचा मनोराही दिसेना, तेव्हा हिरव्या कोटातली एक बाई खिडकीशी आली. साठीच्या पुढची, केस व्यवस्थित बांधलेले, पर्स दोन्ही हातांनी धरलेली. पार्माहून बसनं आले म्हणाली. तिथल्या नगरपालिकेत ओळखपत्राच्या रांगेत बसली होती, वाचायला काही नव्हतं म्हणून फलक वाचला. मिर्ताचा जन्म पार्माच्या हॉस्पिटलातला, त्यामुळे नोटीस तिथेही होती.

“मला हरकत घ्यायचीय,” ती म्हणाली. “पण आधी ती मुलगी बघायचीय.”

मी नेहमीचा प्रश्न विचारला, अर्जदाराशी नातं काय. तिनं नवंकोरं ओळखपत्र माझ्यापुढे ठेवलं. ईरीदे पेलागात्ती.

“एर्मेस पेलागात्तींची मुलगी,” ती म्हणाली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. एर्मेसच्या मृत्यूची नोंद माझ्या हातची होती. एक मुलगा, मयत, आणि एक नात, एवढंच मला ठाऊक होतं. या बाईचा जन्म परगावचा, त्यामुळे तिची नोंदही तिथली, आमच्या वहीत येणार कुठून. मनात लगेच पाल चुकचुकली. एर्मेसला जाऊन वर्ष होत आलंय, पोरीच्या नावावर घर झालंय, आणि आता ही उगवली. मी तिला बाकावर बसवलं आणि मिर्ताला फोन केला. नियमात ते बसत नाही, पण मी केला.

मिर्ता गोठ्यातूनच आली, रबरी बूट चिखलानं भरलेले. मी काय ते सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. मला वाटलं घराची काळजी असेल. पण तिला आठवली होती आजी. बावन्न वर्षं ज्या बाईनं त्या माणसाचे मोजे रफू केले, तिच्या पाठीमागे त्यानं दुसरं पोर ठेवलं होतं, हे तिला गिळता येईना.

“घरासाठी आलात का?” तिनं उभ्याउभ्याच विचारलं.

“घर तुझं आहे. मला त्याचं कौलही नको,” ईरीदे म्हणाली. “आणि बस गं, मी सांगते ते उभ्यानं ऐकण्यासारखं नाही. तुझ्या आजोबांनी कुणाला फसवलेलं नाही. ते माझे वडील नव्हते.”

इथे मी उठले. खोटी नोंद आपल्या कानांनी ऐकली तर सरकारी माणसाला गप्प बसता येत नाही, आणि अशी नोंद कितीही वर्षांनी रद्द होऊ शकते. हे ईरीदेलाही ठाऊक असणार, तरी ती भर कचेरीत बोलत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली, कपाटातल्या फाइली उगाच खालीवर करू लागले, आणि सगळं ऐकलं.

ईरीदेची आई एका मोठ्या शेतावर मोलकरीण होती. पोर झालं ते मालकाच्या मुलापासून, आणि मालकाच्या मुलानं हात वर केले. त्या काळी प्रत्येक कागदावर बापाचं नाव लागायचं. ज्याला बाप नाही त्याच्या नावापुढे दोनच अक्षरं, एन. एन., म्हणजे नाव ठाऊक नाही. लसीच्या कार्डावर एन. एन., शाळेच्या पटावर एन. एन., आणि पुढे लग्नाच्या कागदावरही तेच. वाचणाऱ्यानं ते वाचायचं आणि मग मुलाकडे वर पाहायचं, अशी रीतच होती.

एर्मेस दर जानेवारीत त्या शेतावर डुकरं कापायला जायचा. ईरीदे सहा वर्षांची होती, उकळत्या पाण्याच्या कढईशी ऊब घेत उभी. त्यानं सहज विचारलं, तू कुणाची गं? तिनं पाठ केलेलं उत्तर दिलं, एन. एन.ची. तिला ते बापाचं खरंच नाव वाटायचं.

“त्यांनी आधी,” ईरीदे सांगत होती, “डुक्कर पुरं केलं, कारण काम अर्धं टाकायचा माणूस नव्हता तो. मग हात धुतले, दोनदा धुतले. आईशी चुलीपाशी काहीतरी बोलले. आई रडायला लागली. मग मला सायकलच्या दांड्यावर बसवलं, आई मागे, आणि आम्ही नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या माणसाला म्हणाले, ही माझी आहे, लिहा. तो माणूस त्यांना ओळखत होता. हसला, म्हणाला, एर्मेस, पोरीला द्यायला हेच आडनाव मिळालं का तुला? तर हे म्हणाले, माझ्याकडे एवढंच आहे. दुसरं असतं तर तेही दिलं असतं.”

मी फाइल धरून तशीच उभी राहिले. खिडकीतला तो हसणारा माणूस मीही असू शकले असते.

 मिर्तानं आजीबद्दल विचारलं. एर्मेसचं आणि आर्जियाचं लग्न त्याच ईस्टरला ठरलं होतं. त्यानं त्या संध्याकाळीच तिला सगळं सांगितलं. ती आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिनं लाल लोकरीची टोपी विणून पाठवली, पोरीच्या मापाची अंदाजानं, त्यामुळे ती कानांवर यायची. पुढे दर जानेवारीला एर्मेसबरोबर काहीतरी विणलेलं यायचं. मग ते शेत विकलं गेलं, आईनं पार्मात दुसऱ्या घरी काम धरलं, आणि वर्षाला एक पत्र एवढंच राहिलं. एर्मेसच्या अंत्यविधीला ईरीदे आली होती. चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभी राहिली आणि बस पकडून परत गेली.

“इथे कशाला सांगायचं, तुम्हाला त्रास,” ती म्हणाली. “पण परवा ती नोटीस वाचली आणि मला राग आला. मला मूलबाळ नाही. माझ्यामागे हे नाव तूच चालवणार, असं मी धरून चालले होते. तुला न विचारता.”

आता मिर्तालाही राग आला असावा, कारण तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. फोनवरचं म्याव, शटरवरचं मांजर, बंगल्यातली बाई, युनिव्हर्सिटीत हजेरीच्या वेळी मागच्या बाकांवरून निघणारे आवाज. शेवटी म्हणाली, “तुम्हाला काय माहीत ते.”

ईरीदे हसायला लागली. छद्मी नाही, पोट धरून, रुमाल काढावा लागेल असं.

“अगं, माझ्या वर्गातही म्याव केलं त्यांनी,” ती म्हणाली. “हे नाव लागलं त्याच्या पहिल्याच दिवशी. बाईंनी पुकारलं, पेलागात्ती, आणि सगळा वर्ग म्याव म्याव. बाजूच्या पोराचं आडनाव मालेर्बा, त्याला तण म्हणून चिडवायचे. पुढच्या मुलीचं पेकोरा, म्हणजे मेंढी, मग तिला बें बें. आणि मला म्याव. मी पळत घरी गेले, आईला म्हटलं, आई, मलापण चिडवलं. आई घाबरली, म्हणाली, काय म्हणून? म्हटलं, सगळ्यांसारखंच. आडनावावरून.” ती थांबली. “तोपर्यंत मला कुणी चिडवत नव्हतं. माझ्याबद्दल हळू आवाजात बोलायचे.”

 ईरीदेनं मी दिलेला हरकतीचा कोरा फॉर्म घडी न करता माझ्याकडे परत सरकवला.

“भांडायला आले होते,” ती मला म्हणाली. “पण पोरीला जड होतंय तर मी कोण. तिचं आहे ते, जन्मानं मिळालंय. मला ते कुणीतरी आपणहून दिलं होतं, तसं तिला कुणी दिलेलं नाही.” मग मिर्ताकडे वळून म्हणाली, “तू फिओरीनी हो. माझ्यापाशी हे नीट ठेवलेलं आहे, मी आहे तोवर.”

एक वाजताची बस होती. मिर्ता तिला सोडायला गेली. चिखलाचे बूट आणि हिरवा कोट धुक्यात दिसेनासे झाले. घराच्या कौलांचा संशय घेतला म्हणून मला स्वतःचीच लाज वाटली. दुपारी मी एर्मेसच्या मृत्यूची नोंद काढून पुन्हा वाचली. दर नाताळात हा माणूस माझ्या खिडकीवर कागदात गुंडाळलेलं एक सॉसेज ठेवायचा आणि मी म्हणायचे, एर्मेस, यात मांजर नाही ना? तो दरवर्षी हसायचा. एकदाही त्यानं मला सांगितलं नाही की या नावाचं त्यानं काय केलं होतं. त्या नावाची चेष्टा करू दिली म्हणून मी त्याचे आज आभार मानते, उशिरा का होईना.

तिसाव्या दिवशी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना मिर्ता आली. अर्ज मागे घ्यायचा म्हणाली.

“दया आली म्हणून करत असशील तर करू नकोस,” मी म्हटलं. “त्या बाईला ती नकोय.”

“दया नाही,” ती म्हणाली. “मला हे नाव आयतं मिळालं, मावशी. आजोबांनी ते कुणाला तरी दिलं होतं, आणि तिनं ते छप्पन्न वर्षं जपलं. मला वाटत होतं ते कुणालाच नको असेल.” तिनं सही केली. पूर्ण नाव लिहिलं, एकही अक्षर न गाळता. मी बाहेर जाऊन नोटीस काढली. जोरात मारलेली टाचणी निघता निघेना, माझीच चूक.

एप्रिलमध्ये मी माझ्या कुत्र्याला लस द्यायला घेऊन गेले. पाटी तीच होती. शटरवरचं खडूचं मांजर मिर्तानं आता पक्क्या रंगानं रंगवून घेतलं होतं, आणि त्याला मिशाही दिल्या होत्या. आत बाकावर हिरव्या कोटात ईरीदे बसलेली, मांडीवर टोपली, टोपलीत एक म्हातारं करडं मांजर. पार्मात जनावरांच्या डॉक्टरांची काय कमी आहे, मी विचारलं नाही. खोलीत आम्ही दोघीच होतो.

दार उघडलं. पांढऱ्या कोटात मिर्ता, हातात वही. समोर कोण बसलंय ते तिला दिसत होतं. तरी तिनं वहीत पाहिलं आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं.

“पेलागात्ती.”

ईरीदे उठली. टोपली एका हातात घेतली, दोन्ही पाय जुळवून ताठ उभी राहिली.

“हजर,” ती म्हणाली.

मी खाली वाकून कुत्र्याचा पट्टा नीट करू लागले. तो नीटच होता.