चुड्याचा शिधा

"मावशी, गादीवरून उठू नका. लिंबाजी बघायलाय."

तानुबाई ओठ न हलवता बोलली. समोरच्या हॉटेलाच्या बाकावर माणिकरावांचा माणूस लिंबाजी कपबशी घेऊन बसला होता. माणिकराव म्हणजे दुकानाच्या जागेचे मालक. लिंबाजीचा आज तिसरा दिवस. एवढा चहा त्याला जन्मात कुणी फुकट पाजला नव्हता.

केशरबाई उठता उठता परत टेकली. "पाय आखडले गं. माझ्याच दुकानात मला कैद."

"तुमच्या कुठं? माझ्या," तानुबाई हसली, आणि आपण हसलो हे कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघू लागली.

"केशरमावशी," लिंबाजी तिकडून ओरडला, "गिऱ्हाइकाला बांगड्या तानूच भरायली की! तुमी निसत्या बसायल्या!"

"ये, तुला भरते माझ्या हातानं. हिरव्या का लाल?"

बाकावरची माणसं खो-खो हसली. लिंबाजी हसला नाही. त्यानं आणखी एक चहा सांगितला.

सोनपेठच्या बाजारातलं हे बांगड्यांचं दुकान केशरबाईच्या सासऱ्यानं माणिकरावांच्या वडिलांकडून किरायानं घेतलं, तेव्हा निजाम होता. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय दुकान दुसऱ्याला द्यायचं नाही, असं किरायानाम्यात होतं. कागद उर्दूत होता, खालचा अंगठा मराठी. सासरा गेला, सासू गेली, मग नवराही. पोरबाळ नव्हतं. तीस वर्षं केशरबाईनं गावातली मनगटं हातात धरली. कुणाच्या अंगात कसकस आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाला काल नवऱ्यानं मारलंय, हे तिला बांगडी चढवता चढवता कळायचं. कळायचं आणि तिथंच राहायचं.

मग तिच्या बोटांत वात आला. सांधे सुजून आले. सहा भरताना चार वाढायला लागल्या. बांगडी फुटली असं कासाराच्या तोंडून निघत नाही, वाढली म्हणायचं. पण संध्याकाळी केर काढताना काच ती काचच.

पोखर्णीची तानुबाई नवऱ्यानं टाकल्यापासून तिच्या हाताखाली होती. तिचा हात हलका. गेल्या चैत्रात केशरबाईनं स्टॅम्पपेपरवर लिहून दुकान तिच्या नावे केलं. तिला गादीवर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटीत किल्ली घातली. माणिकरावांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं.

आणि दिवाळीनंतर एसटीची मोटार नेमकी दुकानासमोर थांबायला लागली आणि जागेला भाव आला. माणिकरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या जावयाला कापडदुकान काढायचं होतं. नव्या कायद्यानं जुन्या किरायादाराला हलवता येत नव्हतं. पण किरायादारानंच दुकान परस्पर दुसऱ्याला दिलं असेल, तर येत होतं. तेव्हापासून केशरबाई रोज येऊन मालकीण म्हणून गादीवर बसे आणि खरी मालकीण खाली पोत्यावर.

दुपारी मोटार आली, गेली. धूळ खाली बसली तेव्हा दुकानासमोर माणिकराव उभे होते. मागं त्यांच्या पत्नी सुमनबाई, मुलगी दैवशाला, आणि काखेत पिशवी धरलेला एक टोपीवाला. परभणीच्या वकिलाचा कारकून.

मालकाच्या घरचा चुडा वाड्यावर जाऊन भरायचा असतो. नवरी दुकानात आलेली पाहूनच तानुबाई पोत्यावरून उठली.

"केशरबाई," माणिकराव गोड आवाजात म्हणाले, "आमच्या आईला तुमच्या सासूनं भरल्या. हिला तुमी. आता पोरीला बी तुमच्याच हातानं."

"तानू बी बरी भरती, मालक."

"मालकीण गादीवर असताना गड्याच्या हातानं कशाला? का मालकीण गादीवर न्हाई?"

कारकुनानं पिशवी उघडली.

केशरबाईनं एकवीस हिरव्या बांगड्या मोजून घेतल्या आणि दैवशालेचा हात धरला. हात गार होता. तिनं मुलीचा अंगठा तळव्यात दुमडला, सांधे दाबले. तिच्या स्वतःच्या बोटांतून कळ थेट दंडात गेली.

"दुखलं तर सांग, बाळ."

"तुमचंच दुखायलंय," मुलगी अगदी हळू म्हणाली. आणि तिनं आपला हात असा सैल सोडला, जसा निजलेल्या लेकराचा असतो.

पहिली चढली. दुसरी. लिंबाजी कपबशी घेऊनच रस्ता ओलांडून आला. सातवीला केशरबाईच्या कपाळावरचा घाम नाकावर उतरला. तानुबाईनं पुसायला पदर पुढं केला आणि मागं घेतला. अकरा झाल्या. दुसरा हात. मध्येच काच करकरली. कारकून पुढं वाकला. बांगडी चढली.

एकविसावी मनगटात पडली. एकही वाढली नव्हती.

माणिकराव एसटीच्या रस्त्याकडं बघायला लागले. कारकुनानं पिशवीचं तोंड बांधलं.

सुमनबाईंनी ताट पुढं केलं. तांदूळ, गूळ, नारळ, खण. "घ्या केशरबाई. चुड्याचा शिधा."

केशरबाईनं हात पुढं केला आणि तो तसाच राहिला.

तिची सासू एक गोष्ट फार निक्षून सांगायची. चुड्याचा शिधा ज्याची गादी त्यानंच घ्यायचा. दुसऱ्यानं घेतला तर नवरीला बाधतो. केशरबाई दिवाळीपासून खोटं बोलत आली होती. बाजाराशी बोलली, लिंबाजीशी बोलली, किरायाच्या पावतीशी बोलली. त्याचं तिला फारसं काही वाटलं नव्हतं. आता मुलगी पाया पडायला वाकली होती. चुडा केशरबाईच्या पायाशी किणकिणत होता. ताट नुसतं मांडीवर ठेवायचं होतं.

तिनं ताट उचललं आणि वळून तानुबाईच्या मांडीवर ठेवलं.

"घे. गादी तुझी हाय."

"मावशी!"

माणिकराव सावकाश वळले. "काय म्हणलात?"

सुमनबाई पुटपुटल्या, "कशाला ओ, केशरबाई..."

"पोरीचा चुडा हाय, बाईसाब. त्याच्यात खोटं नको."

कारकून पिशवीची गाठ सोडायला लागला. गाठ निघेना. सगळे थांबून राहिले.

"कुणाची गादी? नाव?" त्यानं टाक काढला.

"तानुबाई. पोखर्णीची. लिहा." केशरबाईनं सुजलेला हात दैवशालेच्या डोक्यावर ठेवला. "ऊठ बाळ. लय शोभतोय तुला."

ते गेले. लिंबाजी मात्र कपबशी हॉटेलात देऊन परत आला आणि पायरीवर बसला. आज त्यानं कुणाची चेष्टा केली नाही. खिशातलं नवं कुलूप काढून त्यानं शेजारी ठेवलं.

उन्हं कलल्यावर तानुबाईनं रोजच्यासारखा झाडू घेतला. गादीखालून, फळ्यांखालून, थेट उंबऱ्यापर्यंत झाडत आली. केर पुढ्यात गोळा करून ती बघायला वाकली.

तांदळाचे चार दाणे होते. काच नव्हती.