असं नाही गं बाई

मैत्रिणीच्या मुलाला, दादूला, हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत घड्या घालायचं काम लागलं, तेव्हा चिमणीच्या आईने तिचं तोंडभर कौतुक केलं आणि घरी येऊन भांडी आदळली. बारा वर्षं दोघी मुलांच्या थेरपीच्या दाराबाहेर एकाच बाकावर बसल्या होत्या. मुलं दोन्ही ऑटिस्टिक, दोन्ही अठराच्या उंबरठ्यावर. पण मैत्रीण कशी? बाकावर चक्क घोरायची. दादूने टॉवेलाचं बोचकं केलं तरी "झालं!" म्हणून टाळी वाजवायची. आणि हिने लेकीसाठी जिवाचं रान केलेलं. चिमणीची घडी म्हणजे इस्त्री केल्यासारखी! तरी नोकरी त्याला? हिचा नुसता जळफळाट झाला होता.

लॉन्ड्रीत आता एकच जागा उरली होती. आठवडाभर चिमणीचं काम बघून ठरवणार होते.

शुक्रवारी सुपरवायझरबाईंनी आईला बोलावलं. दादू तिथेच चादरींच्या घड्या घालत होता. एक झाली की वर हात फिरवायचा, "झालं" म्हणायचा, पुढची घ्यायचा. आईने तिकडे बघायचंच टाळलं.

"हात हिचाच चांगला आहे हो," बाई म्हणाल्या, "पण प्रत्येक घडी दोनदा घालते. बघा तुम्हीच."

चिमणीने टॉवेल घेतला, कडा जुळवल्या, सुरेख घडी घातली. मग ती उलगडली, टॉवेल फाडकन झटकला आणि म्हणाली, "असं नाही गं बाई. दे इकडे."

आवाज हुबेहूब आईचा.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं लेकीची एकही घडी तिने मोडल्यावाचून सोडली नव्हती. चिमणीला वाटलं, हेही कामातच येतं.

"सोमवारी शेवटचं बघते," बाई म्हणाल्या.

शनिवारी घरात जेवढे टॉवेल होते तेवढे पलंगावर आले. चिमणीने पहिली घडी घालून आईपुढे धरली आणि थांबली. एक कोपरा बोटभर बाहेर आला होता. आईचे हात शिवशिवले. तिने ते मांडीखाली दाबून धरले. बोलायला स्वतःचा शब्दच सापडेना. जिच्यावर इतकी जळली, तिचाच उसना घ्यावा लागला.

"झालं," ती कशीबशी म्हणाली.

चिमणीने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"दादूची आई," ती म्हणाली आणि घडी बाजूला ठेवून तिने दुसरा टॉवेल उचलला.