भाताखालचं नाव

तपासणी म्हटलं की लुंबिनीताई एरवीही धास्तावायच्या, पण त्या दिवशी सकाळपासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. किनवटच्या जंगलाकडेला केरबा सरांच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं आणि ताई बारा वर्षांपासून तिथल्या अधीक्षिका. कोरोनाआधी तीस मुली होत्या. टाळेबंदीत एका सकाळी सगळ्यांना टेंपोत बसवून गावोगाव पोचवलं, आणि दोन वर्षांनी परत आल्या त्या अकरा.

आता कोरोनात मोडलेल्या संस्थांना पुन्हा उभं करायला सरकारनं निधी काढला होता. तो मिळाला नाही तर महिनाअखेरीस वसतिगृहाला कुलूप. कुलूप लागायची वाट त्या अकरांतल्या महामायाचा मामा बघत होता. पोरगी चौदा वर्षांची, आणि यानं औशाकडचं स्थळ बघूनही ठेवलेलं. तसा निरोप आल्यापासून ती दप्तर छातीशी धरून झोपायची.

केरबा सर निवृत्त मास्तर, माणूस सरळ. पण चाळीस वर्षं संस्था चालली ती हजेरीवरच्या अनुदानावर. एकदा दोन मुली जत्रेला गेल्या म्हणून वर्षाचं अनुदान कापलं गेलं होतं, आणि दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. निधीचा बारा पानी आदेश त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतला, दुसऱ्या पानावर ‘तपासणी’ हा शब्द दिसला आणि आदेश मिटून ठेवला. पुढचं वाचायचंच कशाला? पटावर जितक्या, तितक्या पंगतीत दिसल्या पाहिजेत, एवढं त्यांना पाठ होतं. पटावर अजून तीसच नावं होती, म्हणून शेजारच्या वाडीतून एकोणीस मुली गोडभाताच्या बोलीवर आणल्या.

“सर, हे बरं न्हाई,” ताई म्हणाल्या. “हजेरीवर सही माझी हाय.”

“एका दिवसाचा तर प्रश्न हाय, ताई. ह्या अकरा पोरी जगवायच्या का न्हाई?”

ताईंनी हजेरीपट उघडला. त्यांनी सही केली.

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. वसतिगृहात येताना प्रत्येक मुलगी आपलं नाव कोरलेलं ताट घेऊन यायची. टाळेबंदीच्या घाईत ताटं मागं राहिली, ती न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. वाडीच्या मुलींपुढं तीच वाढली गेली, तेव्हा कुठं त्यांच्यावरची नावं सरांच्या ध्यानात आली. “साहेबानं इचारलं तर ताटावरचं नाव सांगायचं,” त्यांनी घाईघाईनं बजावलं.

साहेब म्हणजे तपासणीला आलेले लातूरचे मृत्युंजय बिराजदार. ते थेट पंगतीतच आले आणि एका लहानगीपुढं थांबले. “नाव काय बाळ तुझं?”

पोरीनं ताटात बघितलं. नाव भाताखाली गेलं होतं. तिनं बोटानं भात बाजूला सारला, ओठ हलवत अक्षरं जुळवली आणि सांगितलं, “विशाखा.”

ताईंना वाटलं, संपलं. आता पोलीस, आता कोर्ट, गावात तोंड दाखवायची सोय नाही. पण बिराजदार नुसती मान डोलावून पुढं गेले.

ऑफिसात बसल्यावर त्यांनी फाईल उघडली. “तीसच्या तीस हजर. म्हणजे कोरोनानं तुमचं काहीच बिघडवलं न्हाई. हा निधी गळालेल्या मुली शोधून परत आणायसाठी आहे. आठव्या पानावर स्पष्ट लिहिलंय. तुम्हाला ‘गरज नाही’ असं लिहितो.”

सरांनी टेबलाचा काठ घट्ट धरला. ताईंच्या मनात हिशेब सुरू झाला. गप्प राहावं तर कुलूप, बोलावं तर खोट्या सहीचा गुन्हा. इकडे आड, तिकडे विहीर. दारात महामाया दप्तर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

ताई उठल्या. भीती गेली नव्हती, उलट वाढलीच होती. मोरीवर धुऊन ठेवलेली एकोणीस ताटं त्यांनी उचलून आणली आणि साहेबांपुढं उभ्या राहिल्या.

“ह्या पोरी इथं न्हाईत, साहेब. विशाखा धर्माबादला मिरच्या निवडायच्या कामावर हाय. चौघींची लग्नं झाली, एकीला लेकरू हाय. तिघींचा तर पत्ताच न्हाई. जेवल्या त्या वाडीच्या. सही माझी हाय.”

“ताई,” सर पुटपुटले, “आणायला मीच सांगितलं, तेबी सांगा.”

बिराजदारांनी पेन खाली ठेवलं. “तिनं भात सारला तेव्हाच कळलं मला. पण तुम्ही बोलला नसता तर गेलेल्यांची नावं मी कुठून आणली असती? आता दोन्ही लिहावं लागेल. खोटी हजेरीपण, आणि ह्या एकोणीसपण. पोरींसाठी निधी मी मागतो. पण तुमची नोकरी राहील का, ते माझ्या हातात न्हाई.”

“वसतिगृह राहील ना?” ताईंनी विचारलं.

त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. “पहिलं नाव सांगा.”

ताईंचे हात इतके कापत होते की ताटं एकमेकांवर वाजायला लागली. वरचं ताट डोळ्यांसमोर होतं, पण अक्षरं दिसेनात. महामायानं दप्तर भिंतीशी ठेवलं, पुढं येऊन ताटांना खालून हात लावला आणि वाचायला सुरुवात केली.