जिन्याचा प्रश्न

शेवंती गेली त्या दिवशी रामजी परळच्या इस्पितळात बाकावर बसून फॉर्म भरत होता. त्याच्या गुडघ्यातला तुटलेला लिगामेंट नव्याने बसवून वर्ष झालं होतं. गुडघा कसा चालतो ते पेशंटनेच लिहायचं, अशी तिथली पद्धत. पहिलाच प्रश्न, जिना चढताना त्रास होतो का? रामजीने 'अजिबात नाही'वर खूण केली. दुसऱ्या प्रश्नावर पेन टेकवतोय तोच लालबागच्या चाळीतला शेजारी धोंडू समोर येऊन उभा राहिला.

वहिनी जिन्यात पडल्या, चल, एवढंच तो म्हणाला. पण बाहेर टॅक्सी थांबवून ठेवलेली बघून रामजी काय ते समजला. चाळीतला माणूस साध्या पडझडीला टॅक्सी करत नाही.

शेवंतीला वर खोलीत नेलं होतं. खोली तिसऱ्या माळ्यावर. दुसऱ्या माळ्यापर्यंत रामजी कसाबसा चढला, मग गुडघा सटकला. उरलेल्या पायऱ्या तो बसून, हातांवर रेटत चढला. जिन्यात पाणी सांडलेलं होतं. रिकामा हंडा कोणीतरी भिंतीशी उभा करून ठेवला होता.

गुडघा मोडला तो संपाच्या आदल्या साली, गिरणीच्या कबड्डी संघातून खेळताना. कबड्डीमुळेच त्याला गिरणीत घेतलं होतं. संपात गिरणी सुटली, गुडघा तसाच राहिला. पुढे चौदा वर्षं शिवाजी पार्कच्या एका बिल्डिंगीत वॉचमनकी केली, ती लंगडत. ऑपरेशन केलं ते शेवंतीने धोशा लावला म्हणून.

ऑपरेशननंतर आठवड्यातून तीनदा व्यायामाला बोलवायचे. पण संघाच्या कप्तानाने शिकवलेली एक गोष्ट रामजीच्या हाडात मुरली होती. दुखरा पाय समोरच्याला कळू द्यायचा नाही, नाहीतर पकड त्याच पायावर येते. तिसऱ्या महिन्याच्या फॉर्मवर त्याने सगळीकडे 'अजिबात नाही' लिहिलं. इस्पितळवाल्यांनी व्यायाम बंद केला. फॉर्म देण्याआधी घरी शेवंतीने तो वाचून विचारलं होतं, "डॉक्टर काय तुमची पकड करणार आहे काय?"

तो हसला होता. तीही हसली आणि कळशी घेऊन खाली गेली. वरच्या नळांना पाणी चढत नव्हतं. दिवसाला दोन हंडे, दोन कळशा तीच आणायची. जिन्याचा त्रास रामजीला नव्हताच, कारण तो जिना चढतच नव्हता. कामावर जाताना एकदा उतरायचा, येताना एकदा चढायचा, तोही माळ्यामाळ्यावर कोणाशी बोलायच्या निमित्ताने थांबत.

तेरावं झाल्यावर तो इस्पितळात गेला. त्याला लंगडत येताना बघून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी नवा फॉर्म हातात दिला. म्हणाल्या, "काका, या वेळी खरं लिहा. तुमच्या लिहिण्यावरच मी व्यायाम ठरवते. पाय अजून सुधारेल."

घरी आल्यापासून त्याला एका जागी बसवत नाही. फॉर्म फळीवर ठेवतो, परत काढतो, गॅलरीत जाऊन येतो. शेजारच्या राधाबाईंनी एकदा दारातून सांगितलं, "भावजी, माझ्या हंड्याबरोबर तुमची कळशी आणते."

"नको," रामजी म्हणाला.

"शेवंतीला कधी नको म्हणालात?"

तेव्हापासून तो स्वतःच पाणी आणतो. अर्धी कळशी. दुसऱ्या माळ्यावर ती पायरीवर ठेवतो, गुडघा दाबत बसतो, आणि वरून कोणी आलं की उठून उभा राहतो.

उकिडवं बसता येतं का? नाही. पळता येतं का? नाही. गुडघा सटकतो का? हो. एवढं त्याने खरं लिहिलंय. जिन्याचं खरं लिहिलं तर पाणी कोण वाहत होतं तेही लिहिल्यासारखं होतं. इस्पितळात कोणी ते विचारणार नाही, पण खूण करताना त्याला ते स्वतःशी कबूल करावं लागेल.

परवा तो फॉर्म घेऊन चाळीच्या दारापर्यंत गेला आणि परत आला. पहिल्या प्रश्नापुढे अजून खूण नाही. फॉर्म द्यायचा राहिलाय.