सतरा नंबरची प्रश्नावली

दचकू नका, मी प्रश्नावली बोलतेय! केडगावच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गरमागरम जन्मले. माझ्या अंगावर तीस विधानं आणि प्रत्येकापुढे 'नेहमी', 'कधी कधी', 'कधीच नाही' अशा तीन चौकटी. भावी शिक्षकांना माणसांत मिसळता येतं का, हे मोजायला एम.एड.च्या यामिनी मॅडमनी मला तयार केलं. त्यांचा सगळा प्रबंध आम्हा साठ बहिणींच्या जिवावर!

बी.एड.च्या वर्गात आमचं वाटप झालं आणि काय सांगू, सगळे एकमेकांच्या कागदात डोकावायला लागले. "ए रेश्मा, सातव्याचं बरोबर उत्तर काय गं?" अहो, स्वतःच्या स्वभावाचीसुद्धा कॉपी! रेश्माने सगळीकडे 'नेहमी' केलं होतं, मग तिच्या अख्ख्या बाकाने तेच केलं.

मी मात्र सहादेवच्या हाती पडले. कोपरगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, कोपऱ्यात एकटा बसणारा. सातवं विधान होतं, 'मी अनोळखी माणसाशी स्वतःहून बोलतो.' त्याने बराच वेळ पेन चावलं आणि 'कधीच नाही'वर खूण केली. इतका खरा माणूस! मला तर त्याचं फार कौतुक वाटलं.

पण मधल्या सुट्टीत कुणीतरी पुडी सोडली, की यात कमी गुण पडले तर शिक्षकाची नोकरीच मिळणार नाही. झालं! बिचाऱ्याचा चेहरा पडला. मॅडम ग्रंथालयात बसायच्या. तीन दिवस तो दारापर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा. गठ्ठ्यातून बघताना माझा जीव नुसता कासावीस व्हायचा. चौथ्या दिवशी आला एकदाचा आत.

"मॅडम, माझा सतरा नंबर. तेवढं सातवं बदलू द्या. मला शिक्षक व्हायचंय हो. पोरांशी लई बोलतो मी, मोठ्यांपुढंच तोंड उघडत न्हाई."

"अरे, याचे गुण कुठेच धरत नाहीत," मॅडम हसल्या. "बरं, आपली ओळख होती का आधी?"

"न्हाई."

"मग मी बोलावलं होतं तुला?"

"न्हाई, मीच आलो..." आणि तो गालातल्या गालात हसला.

मॅडमनी मला त्याच्यापुढे सरकवलं. मला वाटलं, आता हाही 'नेहमी' करणार. पण पठ्ठ्याने जुनी खूण खोडून 'कधी कधी'वर केली. "नेहमी न्हाई हां मॅडम. आज पहिलीच बारी हाय."

रेश्माच्या बाकाचे कागद एकसारखे निघाले, म्हणून मॅडमनी ते पुन्हा भरून घेतले. माझ्यावर खाडाखोड झाली म्हणून मला मोजणीतून वगळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मॅडमनी मला फेकलं नाही, त्यांच्या डायरीत जपून ठेवलंय. माझी एखादी बहीण तुमच्या हाती आलीच, तर एवढंच करा, शेजारी डोकावू नका.

परवा दारातून मोठ्याने आवाज आला, "मॅडम, येऊ का?" सहादेव होता. त्याच्या पाठीमागे एक मुलगी अंग चोरून उभी होती.

"ही संस्कृती, आमच्या वर्गातली. हिला तुमच्याशी बोलायचंय, पन लाजती. म्हनून मी आलो."